टांगलेला बॉयलर: एका जुन्या वीजसंचाच्या नूतनीकरणाचं प्रकरण

हे प्रकरण विदर्भातल्या एका औष्णिक वीजकेंद्रातलं आहे. केंद्राचं नाव, गावं आणि माणसं झाकली आहेत, कामाची वर्षंही थोडी पुढेमागे केली आहेत. यंत्रं, वाद आणि चुका मात्र होत्या तशाच ठेवल्या आहेत. मी तेव्हा बॉयलर देखभाल विभागात होतो. संच दुरुस्त करायचा की भंगारात काढायचा हे सुचवण्यासाठी सहा जणांची समिती नेमली होती, तीत मी सगळ्यात धाकटा. म्हणून इतिवृत्त लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ती वही अजून माझ्याकडे आहे.

पार्श्वभूमी

फाट्यावर काळीपिवळीतून उतरलं की दोन किलोमीटर लांबूनच चिमणी दिसते. दोन्ही बाजूंना कपाशी, तूर, सोयाबीन. नाल्याच्या काठाने गहू आणि हरभरा. केंद्राच्या जुन्या टप्प्यात १९८०च्या दशकातले २१० मेगावॅटचे दोन संच होते. त्या काळात देशभर याच मापाचे संच डझनांनी बसले, त्यामुळे सुटे भाग मिळायचे, जाणकार फिटर मिळायचे. जुळ्यांपैकी एक संच आमची समिती बसण्याआधीच कायमचा बंद झाला होता. दुसरा चालू राहिला तो बऱ्याच अंशी पहिल्याच्या जिवावर. व्हॉल्व्ह हवा, पंपाचं इंपेलर हवं, मोटर हवी, की बंद संचाकडे पाना घेऊन जायचं. स्टोअरमधले लोक त्याला ‘मामाचं घर’ म्हणत.

आपल्याकडच्या कोळशात राख फार. शंभर किलो जाळले तर चाळीसेक किलो राख उरते, आणि त्या राखेत गारगोटीचे कण असतात. ही राख धुराबरोबर नळ्यांवरून वेगाने जाते आणि पॉलिश पेपरने घासावं तशी त्यांना वर्षानुवर्षं घासत राहते. आत ५४० अंश सेल्सिअसच्या आसपासची वाफ, बाहेरून राख. तीस वर्षांनी नळीचं काय होतं ते पाहायला भिंगाची गरज नसते.

अडचण

‘ट्यूब लीक’ हा शब्द आमच्या वसाहतीत पोराबाळांनाही माहीत होता. बाप रात्री दोनला उठून गेला म्हणजे लीक. नळी फुटते तिथे कडा बाहेर वळून माशाच्या उघड्या तोंडासारखी फट पडते. तिच्यातून सुटलेली वाफ शेजारच्या चार नळ्या कापते. संच बंद करा, बॉयलर थंड व्हायची वाट पाहा, आत शिरा, कापा, जोडा, क्ष-किरणांनी सांधा तपासा, पुन्हा पेटवा. धरून चाला तीन-चार दिवस. आमचा संच एकेका महिन्यात दोनदा असा झोपू लागला होता.

दुसरी अडचण आवाज न करता पैसे खात होती. एक युनिट वीज काढायला संच नवा असताना साधारण २,४०० किलोकॅलरी उष्णता लागे, आता ती २,८००च्या घरात गेली होती. फरक ४०० किलोकॅलरींचा. किलोला ३,५०० किलोकॅलरी देणारा कोळसा धरला तर युनिटमागे सव्वाशे ग्रॅमला थोडा कमी कोळसा जास्तीचा. संच ८० टक्के भाराने चालला तर दिवसाला सुमारे ४० लाख युनिटं होतात. म्हणजे रोज साडेचारशे टनांवर कोळसा नुसत्या म्हातारपणापायी जळत होता. आठ-नऊ दिवसांत मालगाडीचा एक अख्खा रेक. हे गणित मी समितीच्या पहिल्या बैठकीत फळ्यावर मांडलं, आणि त्याचा अभिमान मला पुढे बरीच वर्षं होता.

तिसरी गोष्ट कायद्याची. भारतीय बॉयलर नियमावलीप्रमाणे ४०० अंश किंवा त्याहून जास्त तापमानावर चालणाऱ्या बॉयलरचे १ लाख तास भरले की उर्वरित आयुष्याची तपासणी करावी लागते. १ लाख तास म्हणजे अखंड चालला तर साडेअकरा वर्षं. आमच्या संचाचे त्याच्या दुपटीवर तास झाले होते. नवी तपासणी होऊन अहवाल हातात होता. त्यात हेडरवरचा, म्हणजे अनेक नळ्या ज्याला जोडलेल्या असतात त्या जाड पाइपवरचा, तळहाताएवढा भाग आरशासारखा घासून, त्यावर प्लास्टिकची पातळ पट्टी चिकटवून घेतलेले ठसे होते. सूक्ष्मदर्शकाखाली पोलादाच्या कणांच्या सीमेवर बारीक पोकळ्या दिसतात. सुट्या सुट्या असल्या तर हरकत नाही. रांगेत येऊ लागल्या की तडा जवळ आला. आमच्या दोन हेडरमध्ये त्या रांगेत येऊ लागल्या होत्या.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय संपूर्ण नूतनीकरणाचा. बॉयलरच्या दाबाखालच्या नळ्या, टर्बाइनचे आतले भाग, नियंत्रण यंत्रणा, राख पकडणारा ईएसपी, सगळं बदलून आणखी पंधरा ते वीस वर्षं घ्यायची. त्या सुमारास कोराडीचा ६ नंबरचा संच पश्चिम बंगालमधल्या बंडेल आणि हरियाणातल्या पानिपतच्या संचांबरोबर जागतिक बँकेच्या मदतीने नूतनीकरणासाठी निवडला गेला होता. त्यामुळे या पर्यायाभोवती थोडं वलय होतं. परिषदा होत, सादरीकरणं होत.

दुसरा पर्याय संच निवृत्त करून त्याच आवारात ६६० मेगावॅटचा सुपरक्रिटिकल, म्हणजे वाफेच्या खूप जास्त दाबावर चालणारा, संच मागायचा. नवा संच तेवढ्याच कोळशात जास्त वीज देतो, यात वादच नव्हता. पण पाणी, कोळशाची जोडणी, पर्यावरण मंजुरी, जनसुनावणी यांत किती वर्षं जातील याचा अंदाज कोणीही छातीठोकपणे देईना.

तिसरा ठिगळांचा. मोठं काही करायचं नाही, दर वर्षी थोडं थोडं बदलायचं. केंद्रीय वीज नियामक आयोगाने २००९च्या नियमांत वय उलटलेल्या संचांना नूतनीकरणाऐवजी मेगावॅटमागे वर्षाला ५ लाख रुपये विशेष भत्ता घेण्याची मुभा दिली होती. ते नियम आमच्या केंद्राला थेट लागू नव्हते, पण त्या मापाने आमचे साडेदहा कोटी झाले असते. वर्षाला साडेदहा कोटींत आपण काय काय करू शकतो याची यादी आमच्यातल्या एका ज्येष्ठ साहेबांनी जेवणाच्या सुट्टीत डब्याच्या झाकणाशेजारी लिहून काढली. मला आजही वाटतं, ती त्या सगळ्या फायलीतली सर्वांत प्रामाणिक यादी होती.

चौथा पर्याय कोणालाच आवडला नाही: संचाची क्षमता उतरवून, दाब आणि तापमान कमी ठेवून, जमेल तेवढे दिवस चालवायचा. यात कुणाचीही शान नाही. तो मांडला गेला तो समितीबाहेरच्या एका माणसामुळे.

रावतभाट्याचे काकाजी

आमच्या केंद्रापासून वीसेक किलोमीटरवर एका गावात एक निवृत्त अभियंते राहत. नोकरीचा बराच काळ राजस्थानात रावतभाट्याच्या अणुवीज केंद्रात काढलेला, आता वडिलोपार्जित नऊ एकरांत संत्रा. गावात त्यांना सगळे काकाजी म्हणत, म्हणून आम्हीही. समितीच्या अध्यक्षांची त्यांच्याशी जुनी ओळख होती. तिसऱ्या बैठकीला ते पाहुणे म्हणून आले, धोतर आणि पायात स्पोर्ट शूज.

त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी. रावतभाट्याला पहिल्या दोन अणुभट्ट्या शेजारीशेजारी, एकाच घराण्याच्या. पहिली १९७३ची, दुसरी १९८१ची. दोन्हींत आडव्या नळ्या, प्रत्येक भट्टीत ३०६. त्या नळ्यांतच इंधन बसतं आणि त्यांच्यातूनच जड पाणी वाहतं. झिर्कोनियमच्या त्या नळ्या वर्षानुवर्षं हायड्रोजन शोषतात, ठिसूळ होतात, मधोमध वाकतात आणि बाहेरच्या थंड नळीला टेकतात. १९८३ मध्ये कॅनडातल्या पिकरिंग केंद्रात अशी एक नळी चालू भट्टीत फाटली, तेव्हा जगभर सगळ्यांची झोप उडाली. आपल्याकडे दुसऱ्या भट्टीच्या ३०६च्या ३०६ नळ्या काढून सुधारित मिश्रधातूच्या नव्या घातल्या, आणि १९९८ मध्ये ती पुन्हा चालू झाली. पहिलीचं तसं झालं नाही. तिच्या एंड शील्डला, म्हणजे भट्टीच्या टोकाला किरणं अडवणारी जी जाड ढाल असते तिला, १९८०च्या दशकातच तडे गेले होते. ती ठिगळं लावून, क्षमता उतरवून चालवली, आणि २००४ पासून ती बंदच आहे.

“नळ्या बदलता येतात. ढाल बदलता येत नाही,” काकाजी म्हणाले. “दोघींच्या नशिबात एवढाच फरक. तुमची सगळी यादी पाह्यली मी. चांगली आहे. आता हे सांगा बाप्पा, तुमचं एंड शील्ड कोणतं?”

आम्ही हसलो. कोणीतरी म्हणालं, काकाजी, आमच्याकडे कोळसा आहे, युरेनियम नाही. आमच्याकडे सगळं बदलता येतं.

त्यांनी मग तारापूरचं सांगितलं. १९६९चे ते पहिले दोन संच मुळात २१० मेगावॅटचेच होते, पुढे १६०वर उतरवले आणि तसेच दशकानुदशकं चालवले. “क्षमता उतरवली म्हणून तारापूरची इज्जत गेली का?” आणि जाता जाता फ्लोरिडातल्या क्रिस्टल रिव्हरचं. तिथे २००९ मध्ये नवे वाफजनित्र आत न्यायला भट्टीभोवतीच्या काँक्रीटच्या भिंतीला भगदाड पाडलं, आणि त्या कामातच भिंतीच्या आतले थर एकमेकांपासून सुटले. आमची बैठक झाली तेव्हा त्या भिंतीची दुरुस्ती सुरू होती. पुढे दुरुस्ती करताना दुसरीकडे सुटले, आणि २०१३ मध्ये मालकांनी ते केंद्र कायमचं बंद करत असल्याचं जाहीर केलं. चांगली चालणारी भट्टी दुरुस्तीला काढली, ती परत मिटताच आली नाही.

माझ्या वहीत त्या दिवसाच्या नोंदीत शेवटची ओळ आहे: ‘सन्माननीय पाहुण्यांनी एंड शील्डबाबत प्रश्न उपस्थित केला. नोंद घेतली.’

निर्णय, आणि निर्णयाचं म्हातारपण

समितीने पहिला पर्याय सुचवला. कारणं खोटी नव्हती. विजेची टंचाई होती, खेड्यांत बारा-बारा तास भारनियमन भोगलेले दिवस सगळ्यांच्या आठवणीत होते, आणि कोळशाच्या बचतीचं माझं गणित बोलकं होतं. पण खरं सांगायचं तर आम्ही सगळे देखभालीची माणसं. डॉक्टरांच्या समितीने ‘ऑपरेशन नको’ म्हणावं अशी अपेक्षा ठेवण्यासारखं ते होतं.

नंतर फाईल निघाली. मंजुरी, सल्लागार, सविस्तर प्रकल्प अहवाल, निविदा. पहिल्या निविदेला एकच बोली आली, म्हणून ती रद्द करून पुन्हा काढली. दुसऱ्या खेपेला दोन आल्या आणि दर आमच्या अंदाजाच्या बरेच वर. वाटाघाटी. तपासणीचा अहवाल हातात आल्यापासून प्रत्यक्ष काम सुरू व्हायला पाच वर्षं लागली. त्या पाच वर्षांत संच चालूच होता, नळ्या झिजतच होत्या, ठिगळं पडतच होती. कंत्राटातली कामांची यादी मात्र पाच वर्षांपूर्वीच्या तपासणीवर बेतलेली. लग्नाचं जमवताना घेतलेल्या मापावर, पाच वर्षांनी लग्नात शेरवानी घालावी तसं.

इथे एक निर्णयबिंदू होता, आणि तो आम्हाला दिसलाही नाही. काम देण्याआधी पुन्हा एकदा तपासणी करून यादी ताजी करता आली असती. महिनाभराचा प्रश्न. पण आधीच एवढा उशीर झालाय, आता आणखी खोडा नको, असं सगळ्यांचंच मत पडलं. माझंही.

संच उघडल्यावर

काम दहा महिन्यांचं ठरलं होतं. दिवाळीनंतर संच थांबवला. पहिला महिना छान गेला. टर्बाइन उघडलं, ते अपेक्षेपेक्षा बरं निघालं. नळ्या कापून खाली येऊ लागल्या. हायप्रेशर वेल्डरांची टोळी आली, त्यांच्यासाठी गेटबाहेर दोन नव्या खानावळी सुरू झाल्या.

पुढची गोष्ट समजायला बॉयलरची एक खोड माहीत हवी. एवढा मोठा बॉयलर जमिनीवर उभा नसतो; तो टांगलेला असतो. तापल्यावर त्याला खाली वाढायला जागा लागते, म्हणून वरच्या तुळयांपासून शेकडो सळ्यांनी तो लटकवलेला असतो. या सळ्या छताच्या वर एका बंद पोकळीतून जातात. तिला पेंटहाऊस म्हणतात. नाव ऐकून मुंबईचा समुद्र आठवेल, पण ही जागा काळोखी, कोंडट. छताच्या फटींतून राख वर येते आणि तिथे साचते.

आमच्या पेंटहाऊसमध्ये ती छातीभर साचली होती. नेहमीच्या चार दिवसांच्या बंदमध्ये तिथे कोणी जात नाही. बॉयलर थंड होईपर्यंतच निम्मा वेळ संपतो, आणि लीक तर खाली असते. आयुष्यतपासणीवाल्यांनीही दारातून टॉर्च मारून फोटो काढले होते. त्यांच्या यादीत गरम भाग होते, सळ्या नव्हत्या. आता ती राख व्हॅक्यूमने आणि घमेल्यांनी काढली. अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी सकाळी आमच्या जुन्या फिटरचा फोन आला. “साहेब, वर या. फोनवर सांगन्यासारखं नाई.”

वर गेलो. त्याने एका सळीला बोटाने खालून वर पुसलं. राखेच्या पातळीच्या वर सळी गोल, गुळगुळीत. पातळीखाली, जिथे राख गळतीच्या वाफेने भिजून, सुकून, पुन्हा भिजून बसली होती, तिथे सळीचा गळा उंदराने कुरतडल्यासारखा झाला होता. त्याने खिशातून व्हर्नियर काढला आणि मला आकडा न सांगता माझ्या हातात दिला. मोजताना माझं लक्ष दोनदा खाली गेलं. पायाखाली ज्या नळ्या होत्या, त्या या सळ्यांनाच लटकल्या होत्या, आणि आम्ही त्या गेली कित्येक वर्षं पेटवत होतो.

मग एकामागून एक निघत गेलं. धुराच्या डक्टचे पत्रे हाताने दाबले की आत जात. केबल ट्रे गंजलेले. कंत्राटात नळ्या होत्या, डक्ट नव्हते. टर्बाइन होतं, ट्रे नव्हते. प्रत्येक गोष्टीला ‘अतिरिक्त काम’ म्हणून नवा प्रस्ताव, नवी मंजुरी. भरीला ७ डिसेंबर २०१५ला पर्यावरण मंत्रालयाची नवी मानकं आली. २००४ च्या आधीच्या संचांना धूलिकणांची मर्यादा घनमीटरला १०० मिलिग्रॅम. ईएसपीचं आमचं काम जुन्या हिशोबाने काढलेलं. तेही पुन्हा.

इथे दुसरा निर्णयबिंदू आला, आणि हा मात्र सगळ्यांना दिसला. थांबायचं का? एका बैठकीत अध्यक्षांनी तो प्रश्न सरळ विचारला. साधारण चाळीस टक्के पैसे खर्च झाले होते. बोलणाऱ्या प्रत्येकाने तोच आकडा पुढे केला: एवढे गेलेत, आता कसं थांबणार? गेलेला पैसा थांबलो तरी गेलाच होता आणि पुढे गेलो तरी गेलाच होता. मोजायचं होतं ते पुढचं: आणखी किती लागतील, आणि त्याबदल्यात किती वर्षं मिळतील. ते त्या दिवशी कोणी मोजलं नाही. मला काकाजींचा प्रश्न आठवला आणि मी तो बोललोही, पण उत्तर द्यायला आमच्याकडे आधी लिहून ठेवलेली रेघ नव्हती. काय सापडलं तर थांबायचं हे उघडण्याआधी ठरवलं नाही, तर उघडल्यावर जे सापडेल ते दुरुस्त करण्यासारखंच वाटतं.

आम्ही पुढे गेलो. सळ्या बदलल्या. दहा महिन्यांचे तेवीस झाले.

नाला

हा भाग समितीच्या अहवालात कुठेच नाही, म्हणून इथे जरा सविस्तर.

जुन्या टप्प्याचं सोडलेलं पाणी, म्हणजे कूलिंग टॉवरचं आणि राखतलावावरून निथरणारं, एका नाल्यात जाई. मूळचा तो पावसाळी नाला. पण तीस वर्षं त्यात बारा महिने पाणी राहिल्यामुळे काठच्या तीन गावांतल्या लोकांनी मोटरी टाकल्या होत्या आणि रब्बीत गहू, हरभरा घेत होते. त्यांना त्या पाण्यावर कागदोपत्री काही हक्क नव्हता. ते पाणी फार चांगलं होतं असंही मी म्हणणार नाही. राखेचा पांढरा थर काठावर दिसायचा आणि त्यावरून तक्रारीही झाल्या होत्या. पण पाणी होतं.

संच दिवाळीनंतर थांबला. गव्हाला दुसरं पाणी द्यायच्या वेळेला नाला आटला. एक दिवस गेटवर वीसपंचवीस जण आले. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने मला ओळखलं, कारण मी त्याच्याच आवारात गाडी लावायचो. तो ओरडला नाही. “साहेब, तुमची चिमनी थंडी झाली अन् आमचा गहू उभ्यानं वाळून राह्यला. कोनाले इचारलं तुमी?”

कोणालाच विचारलं नव्हतं. दिवाळीनंतरचा काळ निवडला होता तो उन्हाळ्यातली मागणी आणि कंत्राटदाराची सोय पाहून. त्या वर्षी दुसऱ्या टप्प्यातून काही दिवस पाणी वळवून दिलं. ते थोड्यांच्या गव्हापर्यंत पोचलं. पुढच्या रब्बीला संच बंदच होता, तेव्हा बहुतेकांनी तुरीवर भागवलं.

कंत्राटी कामगारांचंही तसंच. राख हाताळणी, कोळसा पट्टे, सफाई यांवरचे गावातले लोक संच चालू असेल तरच कामावर. त्यांच्या मुकादमाने आधीच विचारलं होतं, “दहा महिने म्हन्ता, तवरक आमी काय खावाव?” त्याला आम्ही सांगितलं की नूतनीकरणात उलट जास्त हात लागतील. लागले, पण ते वेल्डर आणि रिगर होते, बाहेरून आलेले. गावातल्या माणसांना पेंटहाऊसमधली राख काढायचे अकरा दिवस मिळाले.

निकाल

संच पुन्हा जोडला गेला तेव्हा २१० मेगावॅट पूर्ण मिळाले. उष्णतेचा आकडा २,५००च्या आसपास आला. कागदावर धरलेल्यापेक्षा किंचित जास्त, पण मान खाली घालावी असा नाही. ट्यूब लीक जवळजवळ थांबली. पहिल्या वर्षी मी रात्रीचा फक्त एकदा उठलो.

पण तेवीस महिन्यांत बाहेरचं जग हललं होतं. कोराडीचे ६६०चे तीन नवे संच, चंद्रपूरचे ५००चे दोन, शिवाय खासगी केंद्रं, सौरऊर्जा. राज्यात वीज घ्यायची ती स्वस्तातली आधी. कळव्याच्या भार प्रेषण केंद्राच्या यादीत आमचा संच खाली सरकला. नवा कोरा केलेला संच दुपारी ११५ मेगावॅटवर उतरवून ठेवायचा, संध्याकाळी सूर्य मावळला की चढवायचा, कधी आठवडाभर राखीव म्हणून नुसता बंद. बारा महिने एका भारावर चालण्यासाठी बनवलेल्या धातूला ही रोजची चढउतार मानवत नाही. आमच्या प्रकल्प अहवालात संच वर्षाला ८० टक्के चालेल असं गृहीत धरलं होतं. ते वाक्य मीच टाइप केलं होतं.

त्या दोन-तीन वर्षांत वसाहतीत सगळे म्हणत, पैसे पाण्यात गेले. मग २०२१च्या पावसाळ्यानंतर कोळशाची चणचण आली, पाठोपाठ २०२२चा उन्हाळा. २९ एप्रिल २०२२ला देशाची मागणी २ लाख ७ हजार मेगावॅटवर गेली, तोवरचा उच्चांक. त्या एप्रिलमध्ये आमचा संच दिवसरात्र पूर्ण भाराने चालला. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सगळ्यांना कळवलं की २०३० पर्यंत कोळशाचे संच निवृत्त करू नका, गरज पडली तर नूतनीकरण करा. काही वर्षांपूर्वी जुने संच काढून सुपरक्रिटिकल बसवा म्हणणारीही हीच व्यवस्था. त्याच वसाहतीत मग लोक म्हणू लागले, बरं झालं केलं.

दोन्ही वेळा लोक निकालावरून निर्णय जोखत होते. आमच्या समितीला सौरऊर्जेची दुपार दिसली नव्हती आणि २०२२चा एप्रिलही दिसला नव्हता.

आज पुन्हा करायचं झालं तर

मी अजूनही बहुधा नूतनीकरणच सुचवीन, पण अर्धं. बॉयलरचे गरम भाग, सळ्या आणि ईएसपी. टर्बाइनला हात न लावता. क्षमता १८०-१९० ठेवून दाब थोडा उतरवला असता तर बरंच स्वस्तात आठ-दहा वर्षं मिळाली असती, आणि यादीत खाली सरकल्यावर एवढं दुखलंही नसतं. काकाजींचा तारापूरवाला मुद्दा आम्ही चर्चेलाही घेतला नाही, याचं कारण तांत्रिक नव्हतं. २१०चा संच १८०चा करून दाखवला असं कोणी निवृत्तीच्या भाषणात सांगत नाही.

तपासणी आणि काम यांत वर्षभरापेक्षा जास्त अंतर पडलं तर तपासणी पुन्हा. आणि ती गरम भागांपुरती नाही. थंड, कंटाळवाण्या, राखेखालच्या भागांचीही. आमचा वेळ खाल्ला तो नेमका त्यांनीच.

थांबायची रेघ आधी लिहून ठेवायची. बॉयलरचा ड्रम, मुख्य खांब, पाया यांत अमुक सापडलं तर काम बंद. अतिरिक्त कामं मूळ किमतीच्या अमुक हिश्शावर गेली तर काम बंद. आमच्या सळ्या बदलता आल्या, म्हणजे त्या आमचं एंड शील्ड नव्हत्या. पण हे आम्हाला नंतर कळलं. त्या सकाळी पेंटहाऊसमध्ये उभं असताना आम्हाला ते माहीत नव्हतं, आणि तरीही आम्ही पुढे गेलो.

संच थांबवायची तारीख मागणी पाहून ठरवायची हे खरं, पण नाल्याकाठच्या गावांना ती पेरणीआधी कळायला हवी. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एक कागद पुरला असता. गहू पेरायचा की नाही एवढाच त्यांचा प्रश्न होता.

मी आता निवृत्त आहे. काकाजी गेले, त्यांची संत्रा मुलाने काढून तिथे तूर लावली. गेल्या वर्षी केंद्रातून एका तरुण अभियंत्याचा फोन आला. संचाचं उरलेलं आयुष्य पुन्हा तपासायचं ठरलं होतं, जुने कागद आहेत का म्हणून विचारत होता. मी त्याला वहीची पानं आणि सळीचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला. दहा मिनिटांनी त्याचा पुन्हा फोन.

“सर, पेंटहाऊस रिकामं करायला किती दिवस लागले होते?”

“अकरा.”

तो जरा थांबला. “आम्हाला चार मिळालेत.”